पावणेतीन लाखांचा कोर्स आणि बाबांची फौंड्री

प्रश्न: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं हे पत्र. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गुण चांगले आहेत, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) आहेत. महिन्याभरापूर्वी कॉलेजात एका खासगी संस्थेचा सेमिनार झाला. इंग्रजी उच्चार, व्यक्तिमत्त्व विकास, सहा महिन्यांत जर्मन भाषेची बी-१ पातळी आणि पदवीनंतर जर्मनीत नोकरीची हमी, असं सगळं मिळून २,७५,००० रुपये. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत. वडील सोसायटीचं कर्ज काढायला तयार आहेत, आई दागिने ठेवायला. कॉलेजचे प्लेसमेंटचे सर म्हणतात, ते सोड आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅम्पसला बस. काका म्हणतात, मुलीला परदेश कशाला. ती लिहिते, “जागतिक कंपनीत काम करायचं तर आधी इथून बाहेर पडायला हवं आणि फाडफाड इंग्रजी यायला हवं. बाबा साधे मोल्डर आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही. पैसे भरू का?”

उत्तर:

नको भरूस. निदान आत्ता आणि या अटींवर तरी नको. महिनाअखेर जवळ आली आहे म्हणून उत्तर आधी सांगून टाकलं. आता कारणं सांगते. तुझ्या मनात जे ठरून गेलेलं दिसतं, त्याबद्दलही मला बोलायचं आहे.

आधी त्या हमीचं बघू. भारतातून माणसं परदेशात नोकरीला पाठवण्याचा व्यवसाय करायचा तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारक एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. अशा एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. म्हणून त्या संस्थेला सरळ विचार, तुमचा परवाना क्रमांक काय? ते म्हणतील, आम्ही एजंट नाही, आम्ही प्रशिक्षण देतो. मग प्रशिक्षण देणारा नोकरीची हमी कशाच्या बळावर देतो? आणि नोकरी देणारच असतील, तर पावणेतीन लाख कुठल्या नियमानं घेतात? दोन्हीपैकी एकच काहीतरी खरं असू शकतं. जे खरं असेल ते त्यांनी लेटरहेडवर लिहून द्यावं. कुठल्या प्रकारची नोकरी, किमान पगार किती, नोकरी मिळाली नाही तर पैसे किती दिवसांत परत, हे सगळं त्यात यायला हवं. ते लिहून देईपर्यंत घरातलं सोनं घरातच राहू दे.

सहा महिन्यांत बी-१ चं गणितही करून बघ. जर्मन भाषा शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे संस्था, म्हणजे आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन. त्यांच्या अंदाजानुसार सुरुवातीपासून बी-१ पर्यंत जायला पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला कमीत कमी तेरा-चौदा आणि जास्तीत जास्त पंचवीस तासिका होतात. घरचा अभ्यास वेगळाच. तुझं तिसरं वर्ष चालू आहे, सबमिशन आहेत, एसटीनं जाऊन-येऊन कॉलेज आहे. यात ते कसं बसणार? भाषा शिकू नकोस असं मी मुळीच म्हणत नाही. शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन आहे. गोएथेची परीक्षा त्यांच्याकडे न शिकताही बाहेरून देता येते. आधी ए-१, म्हणजे अगदी पहिली पातळी, कर. ती भाषा तुला आवडते का, जिभेवर आणि डोक्यात बसते का, हे तेवढ्यात कळतं आणि त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

हे झालं पैशाचं. पण तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मला पैशापेक्षा जास्त खुपली. “आधी इथून बाहेर पडायला हवं” हे एक, आणि “बाबांना यातलं काही कळत नाही” हे दुसरं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यातल्या कितीतरी फौंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, देशाबाहेर जातं. बाबा काम करतात तिथला माल कुठे जातो, हे त्यांना कधी विचारलंस का? आजच विचार. तिथला माल थेट बाहेर जात नसेल, तर तो पुण्याच्या किंवा बेळगावच्या ज्या कारखान्यात जातो, तिथून पुढे जात असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे तू ज्या जागतिक कामाच्या जागेसाठी पावणेतीन लाख भरायला निघाली आहेस, तिच्या एका टोकाला तुझे बाबा कित्येक वर्षं उभे आहेत. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, का येतो, वाळूत ओल जास्त झाली की काय होतं, हवा निघायला वाट ठेवली नाही तर काय होतं, हे त्यांना हातानं माहीत आहे. परदेशातला ग्राहक जेव्हा लिहितो की, तुमच्या मालात दोष आहे, कारण कळवा, तेव्हा खरं कारण त्यांच्यासारख्या माणसाकडेच असतं. मात्र ते इंग्रजीत, नीट क्रमानं, पुराव्यासह लिहून पाठवणारं माणूस मिळणं अवघड जातं. तू ते माणूस होऊ शकतेस. तुझ्या वर्गातल्या पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा सहज होऊ शकतेस, कारण तुला दोन्हीकडचं कळेल.

जागतिक कंपनीत काम करणं म्हणजे विमानात बसणं, हा समज आता बराच जुना झाला आहे. परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी भारतात उघडलेली केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती नॅसकॉम ही आयटी उद्योगाची संघटना आणि झिनोव्ह ही सल्लागार कंपनी यांच्या २०२४ च्या अहवालानुसार १,७०० च्या वर होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं काम करत होती. त्यांत पुण्याचा वाटा मोठा आहे. चाकणला फोक्सवागन आहे, मर्सिडीज आहे, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आजूबाजूला पसरले आहेत. तिथला इंजिनिअर सकाळी शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, मराठीत बोलतो आणि दुपारी जर्मनीतल्या माणसाशी इंग्रजीत. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. एवढीशी गोष्ट ध्यानात न राहिल्यामुळे मीटिंगला तासभर कुणीतरी वाट बघत बसतो.

आणि हेच बघ, अशा बारीक गोष्टी तुझ्या अभ्यासाच्या अगदी शेजारी पडलेल्या आहेत, पण शिकवल्या जात नाहीत. पहिल्या वर्षाला तू इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, म्हणजे वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची दृश्यं कागदावर मांडायची एक पद्धत, शिकलीस. युरोपातही तेच चालतं. अमेरिकेतून आलेलं ड्रॉइंग मात्र थर्ड अँगलमध्ये असतं, तिथे दृश्यांच्या जागा उलट होतात. कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये कापलेल्या शंकूचं एक लहानसं चिन्ह असतं, ते बघितलं नाही तर डावीकडचं भोक उजवीकडे पडतं. जर्मन ड्रॉइंगवर साडेबारा मिलिमीटर लिहिताना बारानंतर दशांशबिंदू नसतो, स्वल्पविराम असतो. अमेरिकन माणसानं ०४/०७ लिहिलं तर ती ७ एप्रिल असते, आपण ४ जुलै समजून बसतो. आपल्याकडे एफजी २६० म्हणतात त्याच्या जवळपासचं लोखंड युरोपच्या ड्रॉइंगवर ईएन-जीजेएल-२५० या नावानं येतं. टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल याचे, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे नियम आणि अमेरिकेच्या एएसएमई या इंजिनिअरांच्या संस्थेचे नियम मुळातच वेगळ्या गृहीतावर उभे आहेत, त्यामुळे एकच आकृती दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचली जाऊ शकते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात यातलं काहीच येणार नाही. मला विचारशील तर मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याची जागतिक तयारी इथून सुरू होते.

आता सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सदोष माल परत आला की ग्राहक बऱ्याचदा ‘एट-डी’ अहवाल मागतो. अडचण नेमकी काय, ती किती मालात आहे, तूर्तास काय थांबवलं, मूळ कारण काय, ते कसं शोधलं, कायमचा उपाय कोणता, तो लागू पडला याचा पुरावा काय, अशा आठ पायऱ्यांनी तो लिहायचा असतो. फोर्ड कंपनीनं रूढ केलेली ही पद्धत आज मोटारउद्योगात सगळीकडे वापरतात. या अहवालात “पुन्हा असं होणार नाही” किंवा “कामगाराला समज दिली” असं लिहून चालत नाही. समोरचा विचारतो, कामगार चुकला तर चुकीचं कास्टिंग तपासणीतून सुटलं कसं? मग परत आत जाऊन बघावं लागतं. असा एक अहवाल तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः लिहिलास, तर मुलाखतीत तुला बोलायला उच्चारांचा वर्ग लागणार नाही.

आपल्या शाळा-कॉलेजांनी आपल्याला एक सवय लावली आहे, ती इथे नडते. सरांनी विचारलं, “समजलं का?” की आपण “हो सर” म्हणतो. समजलेलं नसलं तरी. “उद्यापर्यंत होईल का?” “हो, बघतो.” आपल्या घरात, गावात त्या ‘बघतो’चा अर्थ सगळ्यांना कळतो. ज्यानं तुझा चेहरा कधी पाहिलेला नाही, तो मात्र तो होकार धरतो, तारीख लिहून ठेवतो आणि त्यावर पुढच्या तिघांचं काम लावतो. तुझ्यासारख्या हुशार मुलामुलींची बाहेर अडचण होते ती बहुतेक वेळा इथे. ज्ञान असतं, कष्टाची तयारी असते. पण “मला हा भाग समजला नाही”, “उद्या होणार नाही, गुरुवारी होईल”, “या ड्रॉइंगमध्ये मला चूक वाटते” ही तीन वाक्यं वरिष्ठासमोर तोंडातून निघत नाहीत. ती आत्तापासून म्हणायला लाग, आणि वर्गातच लाग. पहिल्यांदा छाती धडधडेल, एखादे सर रागावतीलही. पण जे सर नंतर थांबून तुला नीट समजावतील, त्यांना धरून ठेव.

मग इंग्रजी? ते हवं, त्यात शंका नाही. पण तुला कुठलं हवं ते बघ. अशा मीटिंगमध्ये एक जर्मन असतो, एक चेक, एक चिनी, एक कोल्हापूरकर. इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नसते. तिथे फाडफाड बोलणाऱ्याचं बोलणं उलट कमी कळतं. लहान वाक्यं, सावकाश, आकडे दोनदा सांगणं आणि शेवटी “आपलं असं ठरलं” म्हणून लिहून पाठवणं, हे जमलं की पुष्कळ झालं. त्यासाठी घरी करता येईल असं सांगते. आठवड्यातून एकदा कुठलंही एक ड्रॉइंग समोर ठेव आणि ते न बघणाऱ्या माणसाला समजावतेस असं धरून दोन-तीन मिनिटं इंग्रजीत बोल, मोबाइलवर रेकॉर्ड कर. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, तरी ऐक. दुसरं, त्या आठवड्यात जे काम केलंस त्याचं अर्धं पान इंग्रजीत लिही. काय करायचं होतं, काय झालं, काय अडलं, कुणाकडून काय हवं आणि कधीपर्यंत. ते मेकॅनिकलमधल्या कुणाला न देता कॉमर्सच्या मैत्रिणीला वाचायला दे. तिला जिथे कळलं नाही, ती जागा परत लिही. मराठी माध्यमातून आल्याची लाज बाळगू नकोस. ज्याला आपल्या भाषेत विचार नीट मांडता येतो, त्याला दुसरीत तो मांडायला शिकता येतं.

शॉपवर मुलींना घेत नाहीत, ही तुझ्या मनातली पुढची शंका असेल. काही ठिकाणी खरंच घेत नाहीत, ते मी नाकारणार नाही. तोडग्यासाठी मोल्डिंग किंवा फेटलिंगऐवजी (ओतलेला माल घासून साफ करण्याऐवजी) क्वालिटी, इन्स्पेक्शन, डेव्हलपमेंट या विभागांत विचारायचं. परदेशी ग्राहकाचा पत्रव्यवहारही बहुधा तिथेच होतो, म्हणजे तुला हवं तेच काम. एकानं नाही म्हटलं तर दुसरीकडे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचा कोल्हापूर विभाग आहे, त्यांच्या कार्यक्रमांना विद्यार्थी म्हणून जायला सुरुवात कर, ओळखी तिथे होतात. बाबांच्याच फौंड्रीत करायचं की दुसऱ्या, हे बाबांना विचारून ठरव. मुलगी आपल्याच साहेबांच्या केबिनमध्ये बसणार याचा काहींना अभिमान वाटतो, काहींना अवघडल्यासारखं होतं.

जर्मनीला जायचंच असेल तर जा. ती इच्छा चांगली आहे आणि काकांना तिच्यावर आक्षेप घ्यायचं कारण नाही. फक्त वाटा नीट माहीत करून घे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. पण त्याचा भर परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कुशल कामांवर आहे. पदवीधर इंजिनिअरसाठी जून २०२४ पासून ‘चान्सनकार्ट’ नावाचा वर्षभराचा व्हिसा आहे. गुणांवर मिळतो, तिथे जाऊन नोकरी शोधता येते. त्यासाठी किमान ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी लागतं, आणि तुझी पदवी जिथे मिळाली त्या देशात सरकारमान्य असावी लागते. आपलं विद्यापीठ आणि पदवी जर्मनीत मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ नावाच्या जर्मन सरकारी नोंदीत फुकट बघता येतं. ते आज रात्रीच बघ. उच्च शिक्षणासाठी जायचं तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र सत्राला १,५०० युरो आहे. शिवाय राहण्या-जेवण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. तो अधूनमधून वाढतो, म्हणून अर्जाच्या वेळी पुन्हा बघून घे. घरचं सोनं गहाण ठेवायची वेळ आलीच, तर ती या टप्प्यावर यावी, त्या सेमिनारच्या टप्प्यावर नको.

कॅम्पसला बसायला हरकत नाही. हातात एक नोकरी असली की घरचा घोर कमी होतो. पण सर सांगतात म्हणून मेकॅनिकल सोडू नकोस. तुझ्या पत्रात मशिनबद्दल लिहिताना तुझं अक्षर बदलतं, एवढं मला दिसलं.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही थोडं सांगते. गोव्यातल्या वेर्णा किंवा संभाजीनगरच्या औषध कंपन्यांकडे डोळे लावून बसलेल्या बीएस्सीच्या मुलांनी नोंदवहीची शिस्त आत्ताच लावून घ्यावी. अमेरिकेचा औषध निरीक्षक नोंद नसलेलं काम झालंच नाही असं धरतो, आणि मागची तारीख टाकून भरलेली नोंद ही खोटी नोंद असते. प्रयोगशाळेच्या जर्नलमध्ये मित्राची निरीक्षणं उतरवून काढायची सवय तिथे नोकरी घालवते. कॉमर्सच्या मुलांनी एफओबी आणि सीआयएफ या निर्यातीच्या अटींतला फरक परीक्षेपुरता पाठ न करता, जहाजाचं भाडं आणि विमा कुणाच्या खिशातून जातो, हे खऱ्या बिलावर मांडून बघावं. आणि प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. बाहेरच्या संस्थेला सभागृह देण्याआधी तिचा परवाना आणि जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव तपासा. मुलांचे आईवडील कॉलेजच्या नावावर विश्वास ठेवून कर्ज काढतात.

आता तुझं काम. परीक्षा संपायच्या आत एखाद्या फौंड्रीच्या क्वालिटी प्रमुखांना इंग्रजीत मेल कर. त्यात एवढंच असू दे: मी अमुक कॉलेजची, मेकॅनिकल, तिसरं वर्ष. सुटीत सहा आठवडे तुमच्या क्वालिटी विभागात काम करायची इच्छा आहे, पगाराची अपेक्षा नाही. तुमच्याकडे परत आलेल्या एखाद्या कास्टिंगचं मूळ कारण शोधून त्याचा एट-डी अहवाल लिहायचा आहे. अहवालात कंपनीचं, ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग बाहेर जाणार नाही, तसं लिहून देईन. भेटायला कुठल्या दिवशी येऊ? मेल पाठवण्याआधी तो बाबांना मराठीत वाचून दाखव आणि त्यांना विचार की, सध्या सगळ्यात जास्त माल कुठल्या दोषामुळे परत येतोय. ते जे सांगतील, त्याचं एक वाक्य मेलमध्ये घाल.